उभं राहून फ्लाय फिशिंग करायला छोटी होडी : प्रकल्प नोंदी (सायप्रस, टेक्सास)

२७ जानेवारी २०२४, शनिवार

आजपासून सगळं एका ठिकाणी लिहायचं ठरवलंय, मागच्या वर्षीच्या नोंदी तीन वेगवेगळ्या कागदांवर होत्या आणि हव्या तेव्हा एकही सापडला नाही.

गेली तीन वर्षं मी गॅल्व्हेस्टनच्या बाजूला, जास्त करून ख्रिसमस बेमध्ये, पाण्यातून चालत फ्लाय फिशिंग (फ्लाय म्हणजे हलकं खोटं आमिष) करतोय, रेडफिशसाठी. आपल्या घोळीच्याच कुळातला मासा, रंग तांब्यासारखा आणि शेपटीवर काळा ठिपका. फूट-दीड फूट पाण्यात तोंड खाली घालून खेकडे-कोळंबी शोधतो तेव्हा शेपटी पाण्याबाहेर हलते, ती एकदा बघितली की माणूस परत परत जातो. पण चालण्याचे हाल आहेत. चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो, कालवांचे खडक बूट फाडतात, आणि पाकट (शेपटीला काटा असलेले चपटे मासे) असतात म्हणून पाय उचलायचाच नाही, सरपटत न्यायचा, म्हणजे चाहूल लागून ते आधीच सरकतात.

आणि खरी अडचण नजरेची आहे. मांडीभर पाण्यात उभा असलो की माझे डोळे पाण्यापासून जेमतेम तीन फुटांवर येतात, मग लांबचं पाणी नुसतं चकाकतं, पोलराइज्ड (चकाकी कापणारा) चष्मा असूनही, कारण कोन फारच आडवा होतो. मासा दिसतो तोपर्यंत त्याने मला बघितलेलं असतं. आणि इकडची फ्लाय फिशिंग म्हणजे आधी मासा बघायचा मग फ्लाय टाकायची, आंधळं टाकत बसण्यात मला रस नाही. होडीत उभा राहिलो तर डोळे साडेपाच फुटांवर जातात. सगळा प्रकल्प या अडीच फुटांसाठी आहे.

अटी लिहून ठेवतो म्हणजे नंतर मन बदललं तरी कळेल: तीन-चार तास उभं राहता आलं पाहिजे, एकट्याने गाडीवर चढवता आली पाहिजे, एक फूट पाण्यात चालली पाहिजे, आणि सगळं मिळून १५०० डॉलरच्या आत. मोटर नको. इथे बिनमोटरच्या कयाकला रजिस्ट्रेशन लागत नाही, मोटर लावली की लागतं, पण ते दुय्यम. उथळ पाण्यात पंखा फिरला की समुद्रगवत मुळासकट उपटतं आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर २०१३ पासून त्याला कायद्याने बंदी आहे. गवत गेलं की खेकडे गेले आणि खेकडे गेले की रेडफिश गेला, म्हणजे कायदा नसता तरी मी लावली नसती.

४ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर रात्री वाचत बसलो. बाजारात चार जाती दिसतात.

पहिली उभ्याने वल्हवायची पाटी, म्हणजे एसयूपी. हलकी, वर काही नाही, लाईन कशात अडकायचा प्रश्नच नाही. दुसरी रुंद फिशिंग कयाक, उंच खुर्चीवाली, बोनाफाइडची एसएस१२७ त्यातली, साडेबारा फूट लांब, साधारण ३४ इंच रुंद, खालून दोन पोटांची. तिसरी पायाने पेडल मारायची, होबी प्रो अँगलर १४ सारखी, ३८ इंच रुंद, पण सगळं लावून १४० पौंडांच्या पुढे म्हणजे जवळजवळ ६५ किलो, ते माझ्या पाठीला एकट्याने अशक्य. चौथी जात कयाक आणि छोटी स्किफ (उथळ पाण्याची सपाट तळाची होडी) यांच्या मधली, उघडा सपाट तळ आणि मागे-पुढे सरकणारी खुर्ची, न्यूकनू फ्रंटियर १२ त्यात मोडते, १२ फूट लांब, ४१ इंच रुंद, ७७ पौंड. नेटिव्हची अल्टिमेट १२ पण बघितली, रुंदी ३० इंचच पण खालून मध्ये बोगदा काढलाय म्हणून उभं राहता येतं म्हणतात.

इंजिनियर असल्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. सुरुवातीची स्थिरता, म्हणजे होडी थोडीशी कलली की ती किती जोरात परत सरळ व्हायला बघते, ती पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते. लांबी तीच ठेवून ३४ चे ४१ इंच केले तर ४१ भागिले ३४ चा घन, म्हणजे पावणेदोन पट. सात इंचात पावणेदोन पट! अर्थात कंपनी सांगते ती सगळ्यात जाड जागेची रुंदी, पाण्याला टेकते ती वेगळी, म्हणून आकडा तंतोतंत नाही पण दिशा बरोबर आहे. मग कागदावर ४१ इंच जिंकली, विषय संपला असं वाटलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

होडी नसताना काय तपासता येईल म्हणून गॅरेजमध्ये प्लायवूडचा तुकडा घेतला, खाली जुन्या गादीचा फोम, आणि त्यावर उभा राहून मागच्या अंगणात ९ फुटी ८ वेटच्या (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा नंबर) रॉडने कास्ट करत, म्हणजे लाईन फेकत, बसलो. लेक बाजूला बसून मोजत होती किती वेळा पाय खाली टेकला. पहिल्या वीस कास्टमध्ये अकरा वेळा, तासाभराने वीसात दोनदा.

शिकलो ते असं की मी कास्ट करताना डावी टाच उचलतो आणि अंग पुढे फेकतो. जमिनीवर हे कळतच नाही. होडीत त्याने लाट निघेल आणि रेडफिशला ती अंगाने कळते. तर फक्त हाताने कास्ट, कमरेखाली काहीही हलवायचं नाही.

दुसरी गोष्ट, मी जिला आतापर्यंत बारीक समजत होतो: लाईन. फ्लाय लाईन जाड असते, तिच्याच वजनाने कास्ट होते, आणि काढलेली चाळीस-पन्नास फूट लाईन पायाशी पडून असते. फोमवर पाऊल जरा हललं की पायाखाली लाईन, आणि मग बाहेर निघणारी लाईन खाडकन थांबते. चप्पल काढून पातळ मोजे घातले तेव्हा पायाला लाईन जाणवायला लागली आणि त्रास निम्मा झाला. होडी बघताना आता आणखी एक प्रश्न विचारायचाय, लाईन कशाकशात अडकेल? रॉड होल्डर, पेडल, खुर्चीचा पाय, हँडल, बुटाचं बक्कल, सगळंच.

२४ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसातल्या एका टेक्सन मित्राची एसयूपी आणली, कडक बोर्ड, फुगवायचा नाही (फुगवायच्या बोर्डावर कालवांच्या खडकात जायचा धीर मला होणार नाही). आमच्या कॉलनीच्या तळ्यात दोन तास.

उभं राहायला फार सुंदर. लाईन पसरायला मोकळं मैदान, आवाज शून्य. पण दोन तासांत पोटऱ्या भरून आल्या कारण बसायला जागाच नाही, आइसबॉक्सवर बसलो तर उठताना बोर्ड कलतो. आणि वारा! तळ्यावर फार तर ताशी दहा मैल असेल, तेवढ्यानेही हातात वल्हं नसलं की बोर्ड आपला फिरतो. आमच्या किनाऱ्यावर वसंतात आग्नेयेचा वारा पंधरा-वीस मैलांनी सहज असतो. सकाळच्या दोन शांत तासांसाठी एसयूपी उत्तम, दिवसभरासाठी माझ्या वयाला नाही. यादीतून काढली, मनापासून वाईट वाटलं.

९ मार्च, शनिवार

इथल्या एका दुकानाने तलावावर ट्रायलचा दिवस ठेवला होता, आठ-दहा होड्या पाण्यात. मी कागदावर पाच गोष्टी लिहून नेल्या होत्या आणि प्रत्येक होडीत त्याच क्रमाने केल्या: हात न टेकता खुर्चीतून उठणं, उभ्याने मागे वळून बघणं, एका बाजूच्या काठावर पाय ठेवून सगळं वजन टाकणं, आडवी चाळीस फूट कास्ट, आणि पटकन खाली बसणं.

तिसऱ्या होडीत पडलो. अरुंद होती, ३१ इंच, आणि नाव लिहीत नाही कारण चूक होडीची नव्हती. बॅककास्ट, म्हणजे मागे जाणारी लाईन, बघायला मान मागे फिरवली, मानेबरोबर खांदा फिरला, खांद्याबरोबर कंबर, आणि मी पाण्यात. पाणी १५-१६ डिग्री असेल. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून दचकण्यापलीकडे काही झालं नाही, पण श्वास अडकला तो क्षण लक्षात राहिलाय. जॅकेट होडीत असलं तरी कायदा पाळला जातो मोठ्यांच्या बाबतीत, पण मी यापुढे अंगातच ठेवणार, ऊन कितीही असो, आणि शिट्टी त्यालाच बांधलेली.

नंतर पुन्हा चढलो (खोल पाण्यात बाजूने पोटावर सरकत चढायचं, ही पण सहावी चाचणी म्हणून कागदावर घातली, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे असं आता वाटतं).

१० मार्च, रविवार

आज घड्याळं पुढे गेली, म्हणजे गावाशी फरक साडेदहा तास. सकाळीच देवबागला काकांना फोन लावला. काकांनी आयुष्यभर कर्लीच्या खाडीत होडीत उभं राहून पाग टाकलाय. लहानपणी मी त्यांच्या होडीत मागे बसायचो, उलांडीच्या (होडी कलू नये म्हणून बाजूला बांधलेलं तरतं लाकूड) आडव्या दांड्याला धरून, आणि ते पुढे उभे, खांद्यावर पाग (फेकायचं गोल जाळं), दातात पागाची कड, आणि अंग एकदा वळलं की जाळं गोल उघडून पडायचं. होडी फुटभर सुद्धा डुलायची नाही. ते होडीत उभे असायचे तेव्हा मला कधीच भीती वाटली नाही आणि तो माणूस पोहायला फारसा जायचा नाही.

मी त्यांना इंच सांगत होतो, घन सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होडी किती रुंद ता बगू नको रे, तू उठतंस कसो ता बग. उबो रवलेलो माणूस पडना नाय, उठतलो तो पडता."

मी कालचा कागद काढला. बरोबर आहे. उभा असताना एकाही होडीत मी डगमगलो नव्हतो, जे काही झालं ते उठताना, बसताना किंवा वळताना. बसलेल्या माणसाचा भार खुर्चीपाशी असतो, उठताना तो फूट-दोन फूट वर जातो आणि त्याच वेळी दोन्ही हात कशालातरी धरायला शोधत असतात. म्हणजे रुंदीइतकंच महत्त्व खुर्चीच्या उंचीला, पाय कुठे ठेवायला मिळतात त्याला, आणि खुर्ची कुठे सरकवता येते त्याला आहे. उंच खुर्चीतून उठणं म्हणजे अर्धं काम झालेलंच असतं. पण खुर्ची उंच म्हणजे बसून वल्हवताना भार वर, आणि वल्हं पाण्यापासून लांब. काहीतरी द्यावंच लागतं.

मी विचारलं, उलांडी लावू का, इकडे कयाकला लावायचे फ्लोट मिळतात. काका म्हणाले एकाच बाजूक लाव. पण मग मी विचार केला, फ्लाय लाईन त्या दांड्यात अडकणारच, आणि कालवांच्या अरुंद वाटेतून ते काढायचं कसं. पाग टाकणाऱ्याला दोरी एकच असते, तीही मनगटाला. माझी पन्नास फूट मोकळी पडलेली. उलांडी नको.

२३ मार्च, शनिवार

दुसरी ट्रायल, दुसऱ्या दुकानात. तिघींचीच केली, उरलेल्या बघितल्यासुद्धा नाहीत.

पेडलवाली: पाण्यात राजेशाही, दोन्ही हात मोकळे, वाऱ्यात जागेवर धरून ठेवता येते. पण दोन पेडल बरोबर उभं राहायच्या जागेपुढे, लाईन तीन वेळा त्यातच गेली. काढून ठेवता येतात हे खरं, मग त्याचे पैसे का द्यायचे. वजनाचं आधीच लिहिलंय.

३४ इंची दोन पोटांची: उठायला छान, खुर्ची उंच, वेग चांगला. उभं राहायची जागा अडीच-तीन फूट, मागे वळलं की खुर्ची पायाला लागते. इथे खूप वेळ घालवला कारण वाऱ्यात वल्हवायला हीच सगळ्यात बरी वाटली, आणि जर मला लांब लांब जायचं असतं तर मी हीच घेतली असती.

४१ इंची उघडी: खुर्ची पूर्ण मागे सरकवली आणि पुढे सहा फूट मोकळा तळ. हात न टेकता उठलो, पाच वेळा. काठावर पाय ठेवला तर कलली आणि थांबली. मागे वळलो, कास्ट केली, खाली बसलो. खुर्ची गोल फिरते म्हणून उठायच्या आधी तोंड हव्या त्या दिशेला करता येतं, ही गोष्ट कुठल्याही आकड्यात दिसत नाही. तोटा तिथेच कळला, बसून वल्हवताना नाक डावीकडे-उजवीकडे जातं आणि प्रत्येक वल्ह्याला काठ आडवा येतो, लांब वल्हं लागेल. मग लांब वल्हं घेईन.

दुकानदाराची परवानगी घेऊन होडी एकट्याने माझ्या सीआर-व्हीवर चढवून बघितली. उचलायची नाही, नाक मागच्या काचेच्या वरच्या कडेला टेकवायचं (खाली जुनी सतरंजी), मग मागून ढकलायचं, म्हणजे एका वेळी निम्माच भार. ३५ किलोपर्यंत माझी मर्यादा, त्यापुढे नाही.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

ठरली ती ४१ इंची, म्हणजे फ्रंटियर. नवी बजेटबाहेर होती म्हणून तीन आठवडे वापरलेली शोधत होतो. कॉनरोजवळ एकाकडे मिळाली, खुर्चीसकट ९०० डॉलर. काल बघून आलो होतो, पण काल अमावास्या आणि वर सूर्यग्रहण, ह्यूस्टनमध्ये जवळजवळ सगळा सूर्य झाकला होता, आईने फोनवर बजावलं की आज पैसे देऊ नकोस, उद्या पाडवा आहे. तो विकणारा भला माणूस, एक दिवस थांबला. सकाळी गुढी उभारली, संध्याकाळी होडी आणली, बायकोने ओवाळली.

वापरलेली घेताना काय बघितलं: तळाला उन्हात धरून बारीक चिरा आहेत का, पाणी निघायच्या भोकांभोवती प्लास्टिक पांढरं पडलंय का, मागची कड जमिनीवरून ओढून किती झिजली आहे. थोडी झिजली आहे. पॉलिथिलीन आहे, गरम करून त्याच प्लास्टिकने वेल्ड होतं, म्हणून चिंता नाही.

१४ एप्रिल, रविवार

दोन दिवस कामच काम, जास्त करून वस्तू काढून टाकण्याचं. आधीच्या मालकाने लावलेले चार रॉड होल्डर, कप होल्डर, फोनचा खांब, सगळं काढलं आणि भोकं बंद केली. पुढच्या सहा फुटांत आता एकही टोक नाही. तळाला इव्हीए फोम चिकटवला, पायाचा आवाज मरतो आणि उन्हात प्लास्टिक भाजत नाही.

लाईनसाठी दुमडणारी कापडी लाँड्री बास्केट आणली, तळाला दोन किलोचं डायव्हिंगचं वजन ठेवलं म्हणजे वाऱ्याने उडत नाही, आणि डाव्या गुडघ्यापाशी उभी केली. ओढलेली लाईन सरळ तिच्यात. बाकी जिथे अडकू शकते तिथे, खुर्चीच्या पायांवर, ओला टॉवेल.

आणि आठ फुटी फायबरग्लासची काठी. उभ्याने ढकलायला तीच, आणि मासा दिसला की चिखलात खुपसून दोरीने होडी बांधायलाही तीच. नांगर टाकला की साखळी वाजते, काठी वाजत नाही.

२७ एप्रिल, शनिवार

पहिल्यांदा खाऱ्या पाण्यात. इतकं लांब जायचं कारण नव्हतं तरी लाइटहाउस लेक्सला गेलो, अरॅन्सस पास ते पोर्ट अरॅन्सस रस्त्यावरून, पहाटे अडीचला निघून. कांदळवनातून फिरणाऱ्या वाटा, स्वच्छ पाणी, तळाला गवत, पलीकडे १८५७ चं लिडिया ॲन दीपगृह. अशा जागी शिकावं म्हणून.

मासा एकही लागला नाही. पण दिसले! नवाच्या सुमारास सूर्य पाठीशी घेऊन काठीने ढकलत होतो आणि साठ फुटांवर दोन रेडफिश, अख्खे, पाण्यात तरंगणाऱ्या तांब्याच्या लाटण्यासारखे. चालत असतो तर कधीच दिसले नसते. मी इतका बघत राहिलो की काठी खुपसायची विसरलो, वाऱ्याने होडी त्यांच्या अंगावर गेली. पुढच्या वेळी क्रम पाठ: दिसला, काठी, मग रॉड.

दहानंतर वारा वीसच्या वर गेला. रुंद सपाट होडीचं हे खरं मोल, परत यायला दीड मैलाला सव्वा तास लागला आणि पुढून येणारी प्रत्येक लाट तळावर थाडकन आपटते. बसून, खुर्ची मधोमध सरकवून, वजन थोडं पुढे घेतलं तेव्हा आपटणं कमी झालं. यापुढे आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, येताना त्याच्याबरोबर.

२० मे, सोमवार

गुरुवारच्या वादळात आमच्या भागात झाडं आडवी झाली, चार दिवस लाईट नाही. होडी अंगणात उलटी करून दोन पट्ट्यांनी कुंपणाच्या खांबाला बांधली होती, जागची हलली नाही. शेजारच्या आजोबांचं फ्रीजमधलं सगळं गेलं, आमची आइसबॉक्स त्यांच्याकडे दिली. बाकी या आठवड्यात काही नाही.

१ जून, शनिवार

ख्रिसमस बे. सहाला पाण्यात, वारा सात-आठ. मुद्दाम जिथे तीन वर्षं चालत होतो त्याच कोपऱ्यात गेलो.

सव्वासातला कालवांच्या खडकाच्या आतल्या बाजूला बोयी उडाल्या, मग शेपटी. एकच. काठी खुपसली, दोरी अडकवली, खाली बघितलं तर लाईन बास्केटमध्ये, पाय मोकळे. पंचेचाळीस फूट असेल, वारा डाव्या खांद्यावर म्हणजे उजव्या हाताला सोयीचा. सोनेरी स्पून फ्लाय त्याच्या तोंडापुढे दोन फूट आणि थोडी पलीकडे पडली. दोनदा ओढली. तो वळला, आणि वळताना पाठ पाण्याबाहेर आली ते मी वरून, उभ्याने, सगळं बघितलं.

लागल्यावर त्याने होडी फिरवली, काठीभोवती पूर्ण अर्धा गोल, आणि मी उभाच होतो. मग खाली बसलो, हात न टेकता, आणि बसून त्याला जवळ घेतला. २४ इंच. स्लॉट (ठेवता येणाऱ्या माशाची लांबी) २० ते २८ आहे, नेता आला असता, पण पहिला होता म्हणून सोडला.

देवबागला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. पाण्यातूनच फोटो पाठवला. काकांचा लगेच फोन, मासा किती मोठा ते विचारलंच नाही, म्हणाले "उबो असतानाच वढलंस मा?"

पुढचं काम: लांब वल्हं, २६० सेंटिमीटरचं, अजून घ्यायचंय.